ताईच्या डाव्या पायाचा फर्मा

मी एक पाय बोलतोय. डावा, लाकडाचा. बूट शिवताना कातडं ज्याच्यावर ताणून बसवतात त्या लाकडी पायाला फर्मा म्हणतात. बूट तयार झाला की फर्मा उपसून काढतात आणि बुटात खरा पाय जातो. तो येईपर्यंत त्याची जागा धरून बसायचं, एवढंच माझं काम.

दुकानातले बूट ज्या फर्म्यांवर बनतात ते देखणे असतात, एकासारखे एक. मी तसा नाही. माझी टाच उचललेली आहे, पंजा आत वळलाय आणि करंगळीच्या बाजूला एक उंचवटा आहे. चालताना सगळा भार त्या उंचवट्यावर येतो. मी ज्या बाईच्या पायावरून घडलो तिचा पाय जन्मापासून असाच आहे. घरात तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. मी भित्रा आहे. लाकडाला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या हातांनी मला घडवलं ते हात तेव्हा कापत होते. ते कापणं माझ्यात उतरलं असावं.

ते हात ताईच्या धाकट्या भावाचे. तो शाळेचे बूट बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात होता. तिथे साचेघर नावाची एक लांबट खोली होती. नव्या बुटाचा पहिला फर्मा तो त्या खोलीत हातानं कोरायचा, आणि मग पलीकडचं मशीन त्याच्या प्लॅस्टिकच्या हजारो नकला काढायचं. अठरा वर्षं त्यानं हेच केलं. कानस मारली की अंगठा फिरवून बघायचा, पुन्हा कानस, पुन्हा अंगठा. बाकीचे हात धुऊन घरी निघाले तरी याचा अंगठा फिरतोच आहे. म्हणून कारखान्यात त्याचं नाव पडलं सावकाश. "सावकाश, जेवलास का?" असं कोणी विचारायचं आणि दुसरा कोणी परस्पर उत्तर द्यायचा, "कालचं जेवतोय तो अजून." तोही हसायचा. सावकाशच हसायचा.

मला त्यानं जेवणाच्या सुट्टीत कोरलं. लाकडाचा ठोकळा त्याचा स्वतःचा होता, घरून आणलेला. पण कारखान्याच्या बाकावर, कारखान्याच्या कानशीनं घरचं काम करणं नियमात बसत नव्हतं. सापडला तर त्याच दिवशी घरी. एकदा मी अर्धा झालेला असताना दारात फोरमन साहेबांची पावलं वाजली. सावकाशनं मला डब्याच्या पिशवीत कोंबलं आणि वर रुमाल टाकला. साहेब आले, शेजारी बसले, पिशवीवर कोपर टेकून चहा होईस्तोवर बोलत राहिले. त्या कोपराचं ओझं अजून माझ्या घोट्याला आठवतं. साहेब गेल्यावर सावकाशनं मला बाहेर काढलं नाही. नुसता बसून राहिला, दोन्ही तळवे मांडीवर पुसत.

ताईचा जुना बूट मी पाहिला होता. पुरुषी मापाचा, दोन नंबर मोठा, आत चिंध्या कोंबलेल्या. पन्नाशीपर्यंत ती तसल्याच बुटांत वावरली. सावकाशला वाटलं, हजारो पोरांच्या पायांचे फर्मे आपण कोरतो, मग एका बहिणीचा का नाही? त्या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा आला. असे पाय गावात आणखी किती असतील? त्यांच्यासाठी एक लहानसं दुकान काढलं तर? हे तो कोणाशी बोलला नाही. माझ्यावर कानस मारताना पुटपुटला, म्हणून मला कळलं.

माझ्यावर बेतलेला पहिला बूट घेऊन तो ताईकडे गेला. ताईनं तो घातला, भिंतीला धरून उभी राहिली आणि चार पावलं चालली. पाचवं टाकलंच नाही. बूट काढला तेव्हा टाचेवर सोलवटून रक्त आलं होतं.

"माझा जुनाच बरा रे," ती म्हणाली. रागावली नव्हती, हीच पंचाईत. रागावली असती तर त्याला काही बोलता आलं असतं.

परतीच्या वाटेवर मी पिशवीत होतो. माझं आता सरपण होणार, अशी माझी खात्री झाली होती. पण सावकाश मधेच बसमधून उतरला आणि एका गल्लीत शिरला. तिथे टोकाला एक म्हातारे गृहस्थ पायऱ्यांखालच्या जागेत बसून बूट दुरुस्त करायचे. लोक त्यांना बुटवाले काका म्हणायचे. सावकाशनं मला त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"काम सफाईचं आहे," ते म्हणाले. "पण तू पाय बघितलास कधी?"

"बहिणीचाच आहे, काका. लहानपणापासून बघतो."

"बघतोस. हात लावून बघितलास? ती उभी असताना, चालताना, दमल्यावर? पाय दिवसभरात तीनदा बदलतो. तू कोरलास तो झोपलेला पाय."

त्या रविवारपासून दोन वर्षं सावकाश दर रविवारी काकांकडे गेला. मी बरोबर असायचोच. काकांनी त्याला लोकांचे पाय हातात घ्यायला शिकवलं. कुठे हाड टोचतं, कुठे कातडी पातळ आहे, माणूस दुखतं तिथे हात लागला की बोलायचा कसा थांबतो, हे सगळं. माझ्या उंचवट्यावरून त्यांनी थोडं लाकूड काढायला लावलं, टाचेखाली कातड्याची एक चकती चिकटवायला लावली. प्रत्येक वेळी कानस हातात घेतली की माझा जीव गोळा व्हायचा. पण पाचवा बूट ताईनं घातला, दारापर्यंत गेली, आणि दारातून बाहेर गेली. आम्ही वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं ती कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण घेऊन परत आली.

"सुट्टे नव्हते त्याच्याकडे," एवढंच म्हणाली आणि बूट न काढताच खुर्चीत बसली.

एखाद्यानं दुसऱ्या दिवशीच राजीनामा लिहिला असता. सावकाशनं घरच्या कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: वीस माणसं. एक वर्ष. म्हणजे असं, की वीस माणसांनी त्याचे बूट वर्षभर घालावेत आणि एकाच्याही पायाला इजा होऊ नये. तोवर नोकरी सोडायची नाही. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: तिचा होकार.

ती म्हणजे त्याची बायको. एका शाळेच्या कचेरीत ती टायपिंगचं काम करायची. मी त्याच कपाटात खालच्या फळीवर असायचो, त्यामुळे तिनं ती अक्षरं वाचली तेव्हा तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसला. रंगच उतरला.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

सावकाशनं सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ती पलंगाच्या कडेवर बसली. "मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबांनी असंच ठरवलं. सोमवारी नोकरी सोडली, शुक्रवारी दुकान उघडलं. पुढच्या वर्षी आम्ही मावशीकडे राहायला गेलो. आईचं शिवणयंत्र मी आणि दादानं दोघांनी उचलून नेलं. रस्ताभर लोक बघत होते. तुम्हाला हे माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"म्हणूनच लिहिलंय ते खाली. तू हो म्हणेपर्यंत नाही. आणि मी विचारणारही नाही. तुला वाटेल तेव्हा सांग."

कपाटाचं दार तिनं हळूच लावलं आणि मी अंधारात राहिलो.

पुढची दोन वर्षं तशी चांगली गेली. एकेक पाय येत गेला. एक निवृत्त पोस्टमन, ज्याची अर्धी बोटं काढून टाकली होती. एक शिंपीण, जिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. एक वाजंत्री, एक परिचारिका. कपाटात माझ्या शेजारी फर्मे वाढत गेले. आम्ही आपापसात बोलत नव्हतो. पण दाटीवाटीनं असलो की धीर येतो, तसा येत होता.

मग शिट्टीचं प्रकरण झालं. तेव्हा सावकाश मला कधीकधी डब्याच्या पिशवीतून कारखान्यात न्यायचा, म्हणून ते माझ्या कानांवर पडलं. शिट्टी म्हणजे साचेघरातला दुसरा कारागीर. दिवसभर शीळ वाजवायचा, म्हणून शिट्टी. एका दुपारी त्याचं फोरमन साहेबांशी वाजलं. त्यानं अंगावरचा एप्रन काढून बाकावर फेकला आणि म्हणाला, "माझा स्टुडिओ काढतो आता. फोटो काढीन, राजासारखा राहीन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सावकाशनं वाजवल्या नाहीत. शिट्टीनं जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू बस तयारी करत. म्हातारा झालास की निघ."

आठ महिन्यांनी शिट्टी परत आला. साचेघरात नाही, ती जागा भरली होती. खोके बांधायच्या खात्यात, रोजंदारीवर. सावकाशनं त्याला जेवणाच्या सुट्टीत हाक मारली, आपल्या शेजारी बसवलं. शिट्टी खाली बघून जेवला. त्या दिवशीच नव्हे, पुढेही कधी मी त्याची शीळ ऐकली नाही.

त्या संध्याकाळी सावकाशनं कपाट उघडलं आणि वीसवर काट मारून चाळीस लिहिलं.

मला त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं. घाबरटाला घाबरट पटतोच. पण काही महिन्यांनी चाळीसवर काट बसली आणि साठ झाले. रविवारी काकांकडे जाणं कमी झालं. कधी पाऊस, कधी सर्दी, कधी कारखान्यात जादा काम. कपाट उघडेनासं झालं. कापडात गुंडाळलेले नवे ठोकळे तसेच पडून राहिले. आणि एक दिवस अंधारात मला आवाज ऐकू आला. बारीक, कुरतडल्यासारखा. माझ्या शेजारच्या पोस्टमनच्या फर्म्याला कीड लागली होती. ती आतून खात होती. फळीवर पिठासारखी भुकटी पडायची, रोज थोडी थोडी. आवाज थांबला की मला वाटायचं, आता माझ्याकडे वळली. मला हलता येत नाही, ओरडता येत नाही. सात-आठ महिने मी तो आवाज ऐकत होतो. तोवर मी इतका कधीच भ्यालो नव्हतो.

कपाट शेवटी ताईनं उघडलं. तिच्या बुटाचा तळ झिजला होता, ती नवा मागायला आली होती. सावकाश टाळाटाळ करत होता, पुढच्या आठवड्यात बघू म्हणत होता. ती उठली, लंगडत कपाटाशी आली आणि दार उघडलं. आधी भुकटी दिसली. मग दाराच्या आतली अक्षरं. वीस, त्यावर काट. चाळीस, त्यावर काट. साठ.

"किती माणसं झाली?" तिनं विचारलं.

"चोवीस."

"कोणाला लागलं?"

"पहिल्या दोघांना थोडं. ते नीट केलं. नंतर कोणाला नाही."

"मग हे साठ कुठून आले?"

त्याची बायको दाराशी उभी होती, हातात ओलं फडकं.

"तू तयारी करतोयस," ताई म्हणाली, "का लपून बसलायस?"

"पाच वर्षं सांभाळून केलं मी सगळं, ताई. शिट्टीसारखं नाही करायचं मला."

"शिट्टीला विचारलं नाही मी. तुला विचारलं."

सावकाशनं फळीवरच्या भुकटीतून बोट फिरवलं. मग तो म्हणाला, "भीती वाटते मला." इतकी वर्षं माझ्या अंगावर हात फिरवताना ती भीती मला कळत होती. पण त्याच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला. "वाटलं होतं, तयारी पुरी झाली की भीती जाईल. ती जातच नाही. मग वाटतं, तयारीच कमी पडतेय."

ताई खाली बसली. "मला रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना भीती वाटते," ती म्हणाली. "आज पडेन का, म्हणून. पन्नास वर्षं झाली, गेली नाही. आधी काठी जवळ आहे का बघते, फरशी ओली नाही ना बघते. तेवढं बघणं माझ्या हातात. एकदा बघितलं की उठते. दहादा बघत बसले असते तर अजून पलंगावरच असते."

तेव्हा त्याची बायको आत गेली आणि एक वही घेऊन आली. शाळेतली, पाठकोरी. तिनं ती सावकाशच्या हातात दिली. त्याला ती माहीत नव्हती, मलाही नाही. वहीत चोवीस जणांची पानं होती. ती शाळेतून परतताना एकेकाच्या घरी जाऊन आली होती. कोणाचा बूट कुठे सैल झालाय, कोण आता जिने चढतं, कोणी शेजाऱ्याला सांगितलंय, कोण दुसरा जोड मागतंय, सगळं तिनं आपल्या टायपिस्टच्या सुबक अक्षरात टिपलं होतं.

"हे कधी केलंस?" त्यानं विचारलं.

"मला नाही म्हणायला कारण हवं होतं," ती म्हणाली. "तेच शोधत होते. नाही सापडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे भीती मलाही वाटते आणि वाटत राहणार. पण वर्षभराचा घरखर्च बाजूला पडलाय, माझा पगार आहे, माणसं आहेत. माझ्या बाबांकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे फक्त सोमवार होता." तिनं त्याच्या हातातली वही मिटली. "एकच सांगते. नाही चाललं, तर पुन्हा नोकरी शोधायची, आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. बाबांनी घेतली. त्यानंच आम्ही बुडालो."

सावकाशनं साठवर काट मारली. नवा आकडा लिहिला नाही.

तरी राजीनामा द्यायला आणखी पाच महिने गेले. त्याचं नाव काही उगाच पडलं नव्हतं. बसथांब्याजवळ एक खोली बघितली, सकाळी बघितली, दुपारी बघितली, पायरी किती उंच आहे ते ताईला चढायला लावून बघितलं. पायरी फोडून उतार करून घेतला. काकांनी आपली हत्यारं दिली, म्हणाले, मला आता दिसत नाही, तुझ्याकडे राहू देत. किडलेले फर्मे औषधात बुडवले. पोस्टमनचा वाचला नाही. मी वाचलो.

ज्या दिवशी तो कागद घेऊन गेला त्या दिवशी मी पिशवीत होतो. का नेलं मला, ठाऊक नाही. फोरमन साहेबांच्या खोलीत त्याला आधी साहेबच म्हणाले, "बरं झालं आलास. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. माझ्या जागी तुझं नाव दिलंय वर."

सावकाशचा हात पिशवीत आला आणि त्यानं माझी टाच धरली. इतकी घट्ट, की मला वाटलं, आता चिरणार. मी मनात म्हणत होतो, परत चल. खरं सांगतो, मी असंच म्हणत होतो. त्या कपाटात निदान ओळखीचा अंधार होता.

त्यानं दुसऱ्या हातानं कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, चष्मा काढला.

"एवढी कसली घाई आहे तुला?"

"सहा वर्षं झाली, साहेब," सावकाश म्हणाला.

साहेब आधी बघत राहिले, मग हसले. सावकाशला हसू आलं नाही, त्याचे ओठ पांढरे पडले होते. नियमाप्रमाणे तीन महिने त्यानं काम केलं, आपल्या जागी आलेल्या मुलीला कानस धरायला शिकवली, एकही सुट्टी घेतली नाही. शेवटच्या दिवशी गेटवर शिट्टी उभा होता. त्यानं पाठीवर थाप मारली नाही. हात पुढे केला, आणि सावकाशनं तो दोन्ही हातांत धरला.

आता दुकानाला आठ महिने झालेत. पहिले सोळा दिवस कोणीच आलं नाही. सतराव्या दिवशी शिंपीण आली, मैत्रिणीला घेऊन. हल्ली आठवड्याला दोघं-तिघं येतात. पुरेसे आहेत का? अजून नाहीत. बायको शाळेतून थेट इथे येते आणि वहीत लिहिते. सावकाश रोज शटर उघडताना क्षणभर थांबतो, मग उघडतो. मी फळीवरून बघत असतो.

मधल्या काळात ताईचा पाय बदलला. सांधा आखडला, सूज राहायला लागली. तिच्यासाठी त्यानं नवा फर्मा कोरला. मी नुसताच फळीवर होतो.

परवा एक बाई आली, कडेवर सात वर्षांची मुलगी. एवढी मोठी मुलगी कडेवर, कारण तिला बूट असा कधी मिळालाच नाही. मुलगी आईच्या खांद्यात तोंड खुपसून होती, कोणाला पाय बघू देईना. सावकाशनं घाई केली नाही. त्यानं मला फळीवरून काढलं आणि तिच्याजवळ, जमिनीवर ठेवलं. खूप वेळानं तिनं डोळा उघडून पाहिलं. मग खाली उतरली, आपला डावा पाय माझ्या शेजारी ठेवला. पंजा तसाच आत वळलेला, टाच तशीच उचललेली.

"हा कोणाचा?" तिनं विचारलं.

"माझ्या ताईचा."

"ती चालते?"

"चालते. दुकानदारांशी भांडून येते."

मुलीनं माझ्यावर बोट फिरवलं, अगदी माझ्या उंचवट्यावर, आणि मग आपल्या पायावर फिरवलं.

वाळलेले ठोकळे संपले होते. नवं लाकूड वाळायला वर्ष लागतं, आणि मुलीला तेवढं थांबवायचं नाही, असं सावकाश, त्याची बायको आणि मुलीची आई अशा तिघांनी मिळून ठरवलं. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कोरा की. मला काय करायचाय तो आता?" मी पुरता वाळलेला आहे, डावा आहे, वळणही तेच. फक्त मोठा आहे. पेन्सिलीनं रेषा आखून झाल्यात. उद्या सकाळी सावकाश कानस घेईल आणि माझ्यातली ताई उतरून पडेल. मागे काय उरेल, त्याला मी म्हणता येईल का, मला माहीत नाही.

मी घाबरलोय. ते तुम्हाला कळलंच असेल.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. थोड्या महिन्यांनी तुम्हाला रस्त्यात एक लहान मुलगी दिसेल, आईचं बोट सोडून चालणारी. पाऊल जरा तिरकं पडेल. तिच्या पायाकडे टक लावून बघू नका. वाटेतून थोडं बाजूला व्हा, आणि तिला जाऊ द्या.